वाडीला हात लावायचा नाही

माद्रिद

चि. बाय हीस काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी पटकथा मिळाली. गोष्ट चांगली आहे आणि आपलं माजघर तिला शोभेल. पण भूत येण्याआधी तू चार पानं नुसता काळोख आणि धूर लिहिला आहेस, आणि मग ते दाराआडून उडी मारतं. उडीने माणूस दचकतो. दुसऱ्यांदा बघताना तोच माणूस हसतो. नुसतं सांगून तू ऐकायची नाहीस, म्हणून एक प्रसंग उसवून दाखवतो: 'पॅन्स लॅबिरिंथ' या २००६ च्या स्पॅनिश चित्रपटातला बिनडोळ्यांचा फिकट म्हातारा. दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो, कॅमेऱ्यामागे गिलेर्मो नवारो. कथेचा काळ १९४४ चा. रानातली दृश्यं इथून जवळच्या ग्वादारामा डोंगरातल्या पाइनच्या जंगलात घेतली आहेत.

आधी क्रम बघ. मुलीला कामगिरीवर पाठवतानाच सगळे नियम सांगून टाकले आहेत. खडूने भिंतीवर दार काढायचं, वाळूचं घड्याळ उलटं करायचं, वाळू संपायच्या आत परतायचं, आणि तिथलं काही खायचं-प्यायचं नाही. मग ती लांब बोळातून चालत जाते. हे चालणं कापून टाकावं असं एखाद्या संकलकाला वाटेल, पण ते ठेवलंय ते आपल्याला अंतर कळावं म्हणून. परत येताना तोच बोळ धावत पार करायचा आहे. पुढे दालन, लांबलचक मेज, त्यावर खाण्याचे ढीग आणि टोकाला तो. चांगल्या उजेडात, मागे शेकोटी, अजिबात न हलता. लोंबणारी कातडी, डोळ्यांच्या जागी काहीच नाही, समोर ताटलीत दोन डोळे. छतावर चित्रं आहेत, त्यांत हाच प्राणी पोरांना खातोय. बाजूला लहान मुलांच्या बुटांचा ढीग. तो कोण, काय करतो, हे सगळं कळून चुकलं आणि त्याने अजून बोटसुद्धा हलवलेलं नाही. भीतीचं भांडवल इथे जमा झालं, पुढे फक्त वसुली आहे.

ती द्राक्ष तोंडात टाकते आणि तिच्या पाठीमागे तो जागा होतो. आपल्याला दिसतं, तिला दिसत नाही. मग तो डोळे उचलून तळहातांतल्या खाचांत बसवतो आणि हात चेहऱ्यापुढे धरतो. इथे कॅमेरा अगदी शांत आहे. विचित्र गोष्ट दाखवताना कॅमेराही विचित्र हलवला तर प्रेक्षकाला नेमकं काय बघायचं तेच कळत नाही. तुझ्या पटकथेत भूत दिसताच 'कॅमेरा गोल फिरतो' असं लिहिलंय, ते खोडून टाक.

पाठलागात तो धावत नाही, ताठरलेल्या पायांनी लडखडत येतो. मुलगी त्याच्यापेक्षा चपळ आहे, मग ताण कुठून येतो? तिसऱ्या गोष्टीतून, वाळूतून. मुलगी, म्हातारा, वाळू असं संकलन फिरत राहतं आणि प्रत्येक वेळी वाळू आधीपेक्षा कमी असते. दार बंद झाल्यावर ती खुर्चीवर चढून छतातच दुसरं दार काढते. तेही फसवणूक वाटत नाही, कारण खडूचा नियम आपल्याला पहिल्यापासून माहीत आहे.

म्हाताऱ्याच्या आत डग जोन्स हा नट आहे. त्याला बाहेरचं दिसायचं ते मुखवट्याच्या नाकपुड्यांमधून. मुलीसोबत उडणाऱ्या पऱ्या संगणकावर केलेल्या आहेत आणि माझ्या मते त्या आता जुन्या दिसायला लागल्यात, म्हातारा नाही. रंगभूषा, छायाचित्रण आणि कलादिग्दर्शन, या तिन्हींची ऑस्कर त्या चित्रपटाला मिळाली आणि या एका प्रसंगात तिन्ही एकमेकांत गुंतलेली दिसतात. बाहेरचं जग निळसर आणि सरळ रेषांचं, इथे सोनेरी-तांबडं आणि कमानींचं. शिवाय मुलीचा सावत्र बाप, तो क्रूर कॅप्टन, ज्या मेजाच्या टोकाला बसून पाहुण्यांना जेवायला घालतो, त्याचीच ही दुसरी बाजू आहे.

आता तुझं माजघर. खडू आणि वाळूचं घड्याळ तू उचलू नकोस, उसनं दिसेल. आपल्याकडे वाडी आहेच. पितरांसाठी वाढून ठेवलेल्या वाडीला पोराने हात लावायचा नाही, एवढा नियम कोकणातल्या प्रेक्षकाला एका वाक्यात कळतो. तो आजीच्या तोंडून, काम करता करता, सहज येऊ दे. पानात लाल रंग ठेव: आगळ घातलेली सोलकढी, डाळिंबाचे दाणे. चौकटीत दुसरीकडे कुठेही लाल नको, पोरीच्या फ्रॉकवरही नाही. म्हणजे डोळा आपोआप पानाकडे जातो. खऱ्या वाडीचं पान वापरू नका आणि घरात हे करण्याआधी आजीला विचारा. ती नाही म्हणाली तर मांगरात करा.

वेळेसाठी घटिकापात्र घे. तळाला भोक असलेली तांब्याची वाटी घंगाळात तरंगते, भरत जाते आणि बुडते. खरं पात्र २४ मिनिटांनी बुडतं, तुला तेवढी वाट बघायची गरज नाही. भोक खालून मेणाने बुजव, वाटीच्या आत तीन बारीक खुणा कर आणि प्रत्येक शॉटआधी ठरलेल्या खुणेपर्यंत हाताने पाणी ओत. कुठल्या शॉटला कुठली खूण ते वहीत लिहून ठेव. पाणी एखाद्या शॉटमध्ये उलटं कमी दिसलं की सगळा ताण गेला. शेवटच्या शॉटला मेण काढ आणि खरंच बुडू दे. दर टेकआधी वाटीची कड कोरडी पुसा, ओली कड लगेच दिसते.

पोर पडवीतून माजघरात आणि तिथून मागीलदारी जाते, तो रस्ता आधी एकदा सलग आणि सावकाश दाखव. कॅमेरा पोरीच्या डोळ्यांच्या उंचीला, साडेतीन फुटांच्या आसपास. सारवलेल्या जमिनीवर कॅमेऱ्याच्या गाडीची चाकं अडकतात, म्हणून १२ मिलिमीटरचे प्लायवूडचे तक्ते अंथरा. दोन्ही बाजूंचे सांधे एका रेषेत आले तर दोन्ही चाकं एकदम आपटतात आणि चित्र उडतं, म्हणून सांधे पुढेमागे ठेवा. पळताना पोर डावीकडून उजवीकडे पळत असेल तर शेवटपर्यंत तशीच पळू दे, आणि मागे येणारं भूतही त्याच दिशेला. एका शॉटमध्ये दिशा उलटली की ती त्याच्याकडेच धावतेय असं वाटतं. आपल्या घरातली दारं एकसारखी आहेत, तेव्हा मधल्या दाराशी समई ठेव, म्हणजे ती कुठवर पोचली ते समजेल.

उजेड भुताच्या मागून, चुलीचा. शंभर वॉटचे दोन साधे पिवळे बल्ब, दोन वेगळे डिमर, दोन वेगळी माणसं. दोघांनी आपापल्या लयीत कमीजास्त करायचं. एकाच हाताने दोन्ही फिरवले तर ती चूल वाटत नाही, वीज जातेय-येतेय असं वाटतं. साधा एलईडी बल्ब डिमरवर लावू नका, त्याचे पट्टे चित्रात येतात. कॅमेऱ्याचा रंग ३२०० केल्विनवर हाताने पक्का कर. मग खिडकीबाहेर ५६०० केल्विनचा दिवा लावलास की तो आपोआप निळा दिसेल. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेव, आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे. दिवा भुतापासून तीन फुटांवरून सहा फुटांवर नेला तर उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. आणि काळोख हवा म्हणून शूटिंगच अंधारात करू नका, नंतर चित्र उजळलं की दाणे दिसतात. एखादा स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा, ठेवून घ्या, बाकीचं रंग करताना खाली आणा.

लोंबती कातडी द्रव लेटेक्सची कर. गुळगुळीत लादीवर पाच-सहा हात द्यायचे, मध्ये टिश्यू पेपरचा एक थर. प्रत्येक हात पारदर्शक पिवळसर झाल्याशिवाय पुढचा देऊ नकोस. पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही, टेबलफॅन लाव किंवा सरळ दिवाळीनंतर कर. सोलताना पावडर मार, नाहीतर स्वतःलाच चिकटून गोळा होतो. हाताला खोबरेल लागलं असेल तर आधी साबणाने धू, तेलाने लेटेक्स मऊ पडून फाटतं. नटाच्या कोपराच्या खळीत आदल्या दिवशी थेंब लावून बघा. खाज किंवा पुरळ आलं तर त्याच्या अंगाला लेटेक्स लावायचंच नाही. भुवयांना आणि पापण्यांना तर कोणाच्याच लावायचं नाही. घामाने कडा सुटतात, त्या आधी कपाळावर आणि मानेवर सुटतील, म्हणून जवळचे शॉट पहिले घे, लांबचे नंतर.

नटाला दिसणार नाही. जमिनीवर खडूच्या खुणा त्याच्या काय कामाच्या? ज्या जागी थांबायचं तिथे चटईखाली सुंभाचा तुकडा ठेव, अनवाणी तळव्याला कळतो. चुलीच्या बाजूला एक माणूस कायम उभा असायलाच हवा.

आवाजात तू पार्श्वसंगीत भरपूर लिहिलंयस, मी निम्मं काढलं असतं. शिमग्यातला संकासुर आठव: घुंगरू आधी ऐकू येतात आणि पोरं तेव्हाच आजीच्या पदरात शिरतात. तुझ्या भुताला असा एकच आवाज दे, आणि तो पहिल्यांदा ते बसलेलं असतानाच ऐकव. कातडी ताणल्याचा आवाज ओल्या नारळाचं सोडण सावकाश फाडून मिळेल, माईक वीतभर अंतरावर. पाऊस पडत असेल तर कौलांखाली संवाद घेऊ नका. जागेचा नुसता आवाज, कोणी न हलता, पूर्ण एक मिनिट घ्या. रातकिडे एका शॉटमध्ये आहेत आणि दुसऱ्यात नाहीत असं झालं की कातरलेलं कळतं, ते याच एका मिनिटाने झाकता येतं.

लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेल टाकून ठेव, आपल्याकडच्या दमटात बुरशी धरते. एसी खोलीतून काढलीस तर वाफ जायला अर्धा तास दे. दुसरा खर्डा झाला की पाठव, पण त्याआधी घराचा नकाशा काढून त्यावर कॅमेऱ्याच्या जागा मांड, मला शब्दांपेक्षा तो हवा आहे.

आजीला साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा
काका