श्वानांच्या भीतीवरील औषधे आणि आपले गैरसमज

संपादक महोदय,

पाळीव कुत्र्याच्या वागणुकीसाठी पशुवैद्यकाने चिंताशामक औषध लिहून दिले, की कोणी ‘कुत्र्याला कसली आली चिंता’ म्हणून ती चिठ्ठी बाजूला ठेवतो, तर कोणी गोळी सुरू करून तेवढ्यावरच निर्धास्त होतो. दोन्ही बाबतींत हाल कुत्र्याचेच होतात, म्हणून हे पत्र.

माणसे बाहेर पडताच नखे रक्ताळेपर्यंत दार ओरबाडणारे, लाळ गाळत रडत राहणारे किंवा शिस्त लागलेली असूनही घरात घाण करणारे कुत्रे आपल्यावर सूड उगवत नसते. ते भेदरलेले असते. एकटेपणाच्या या भीतीसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने क्लोमिप्रामिनला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये कुत्र्यांमधील वापराची मान्यता दिली, ती वर्तनसुधारणेच्या सरावाला जोड म्हणून. या जोडीला अर्थ आहे. भीतीने थरथरणारे कुत्रे काहीही शिकण्याच्या अवस्थेत नसते. औषधाने ती तीव्रता उतरली, म्हणजे मालकाने काही सेकंद दाराबाहेर जाऊन परत यायचे, ते अंगवळणी पडल्यावर हा अवधी हळूहळू वाढवायचा, हा सराव त्याच्या पचनी पडू लागतो. फ्लुओक्सेटिनचा पुरता परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आठवड्याभरात ‘काही फरक नाही’ म्हणून ते बंद करणे म्हणजे उपचार सुरू होण्याआधीच सोडून देणे होय.

मला सर्वाधिक खटकते ती गुंगीलाच उपचार मानण्याची सवय. फटाक्यांच्या वा विजांच्या आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यांना असेप्रोमॅझिन देण्याची पद्धत जुनी आहे. त्याने शरीर सुस्तावते, कुत्रे निपचित पडते आणि घरच्यांना हायसे वाटते. पण हे औषध मुळात भीती कमी करणारे नाही, आणि काही कुत्री तर त्याच्या अमलाखाली आवाजाने अधिकच दचकतात. पळता येत नाही, लपता येत नाही आणि भीती मात्र तशीच, ही अवस्था आपण आपल्या सोयीसाठी एका मुक्या जिवावर लादावी, हे मला क्रूर वाटते. अशा प्रसंगांसाठी ट्राझोडोन, गॅबापेन्टिन किंवा हिरडीवर लावायचे डेक्समेडेटोमिडिनचे जेल असे पर्याय आज पशुवैद्यकांपाशी आहेत. त्यांतील गोळ्या आवाज सुरू होण्याच्या तास-दोन तास आधी पोटात जाव्या लागतात.

औषधापूर्वी तपासणी मात्र टाळता येत नाही. अचानक गुरगुरू लागलेल्या कुत्र्याचा कान ठणकत असेल वा सांधे दुखत असतील, तर चिंतेच्या गोळीने काय साधणार? आणि घरातल्या माणसांची औषधे परस्पर देणे तर धोक्याचेच, कारण मात्रेचे गणित निराळे असते, शिवाय माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल हा कुत्र्यांना विषारी ठरणारा गोडी आणणारा पदार्थ असतो. गोचिडांसाठी वापरले जाणारे अमिट्राझही फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनसोबत घातक ठरू शकते, तेव्हा अंगाला काय लावतो हेदेखील डॉक्टरांना सांगावे. भूक मंदावणे, सुस्ती किंवा उलट्या दिसल्यास त्यांना कळवावे. बरेच दिवस चाललेली गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये.

कुत्रे एकटे असताना काय करते, याचे मोबाइलवरील चित्रण तपासणीला नेल्यास निदान पुष्कळ सोपे होते. पशुवैद्यकांनाही माझी विनंती आहे, की चिठ्ठीवर औषधाच्या नावाखाली सरावाचा आराखडाही लिहून द्यावा आणि गुण यायला किती आठवडे लागतील, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे.

– एक श्वानपालक वाचक