प्लेथोरा म्हणजे नुसतं ‘भरपूर’ नव्हे

संपादक महोदय, स.न.वि.वि.

परवा तुमच्या करिअर पुरवणीत ‘तरुणांपुढे संधींचा प्लेथोरा’ असं मोठ्या अक्षरात हेडिंग वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. हा शब्द हल्ली सगळीकडे दिसतो, अ‍ॅप्सचा प्लेथोरा, कोर्सेसचा प्लेथोरा, म्हणजे लिहिणाऱ्याला फक्त ‘खूप’ म्हणायचं असतं पण खूप लिहिलं तर साधं वाटेल म्हणून हा.

खरं तर हा आजाराचा शब्द आहे हो. मूळ ग्रीक, अर्थ भरलेपण, आणि ग्रीक वैद्य तो वापरायचे शरीरात रक्त प्रमाणाबाहेर साठलंय हे सांगायला. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त हे चार द्रव तोलात असले की माणूस बरा, एखादा वाढला की आजारी, असा तो हिशोब. एरासिस्ट्रेटस नावाचा वैद्य म्हणायचा की रक्त जास्त झालं तर उपास करा, शीर कापू नका, आणि त्याच्यानंतर चारेकशे वर्षांनी गेलेन नावाच्या दुसऱ्या वैद्याने त्याच्याविरुद्ध लिहून शीर कापण्याची बाजू घेतली. दुर्दैवाने गेलेनचं म्हणणं टिकलं, ते पार १९ व्या शतकापर्यंत! १७९९ च्या डिसेंबरमध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला तर एका दिवसात त्यांचं चार वेळा रक्त काढलं गेलं आणि त्याच रात्री ते गेले. रक्त कमी केलं की आजार कमी होतो या समजुतीने किती माणसं दगावली असतील कोण जाणे, मला तर ते वाचताना फार वाईट वाटतं.

इंग्रजीत हा शब्द १६ व्या शतकात आला तोही वैद्यकातूनच, बाकीच्या गोष्टींना तो नंतर लागला. आज तिथल्या डिक्शनऱ्या ‘भरपूर’ हा अर्थही देतात, त्यामुळे तुमच्या उपसंपादकाने चूक केली असं मी म्हणत नाही. पण डॉक्टर लोक अजूनही कुशिंग सिंड्रोममध्ये (शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त झाल्याचा आजार) पेशंटचा चेहरा लालबुंद दिसतो त्याला प्लेथोराच म्हणतात, आणि पॉलिसायथेमिया व्हेरा म्हणून एक आजार आहे ज्यात रक्तातल्या तांबड्या पेशी खरोखरच जास्त होतात, त्यात आजही रक्त काढून टाकणं हा उपचार आहे. म्हणजे जुना अर्थ मेलेला नाही.

आणि गंमत म्हणजे ज्या मुळातून हा ग्रीक शब्द आला त्याच मुळातून संस्कृत ‘पूर्ण’ आलाय, इंग्रजी ‘फुल’ आणि ‘प्लेंटी’ पण त्याच घरातले, आणि आपले पूर, पुरणे, पुरे हेसुद्धा. पूर म्हणजे नुसतं भरपूर पाणी नाही ना, काठ सोडून घरात शिरलेलं पाणी. प्लेथोरा तसाच, ‘पुरे’च्या पलीकडे गेलेला.

मराठीत हे फरक केवढे नीट आहेत! चांगल्या गोष्टी भरपूर असल्या तर रेलचेल, आधी टंचाई होती आणि आता नाही तर सुकाळ, नको ते जिकडे तिकडे दिसायला लागलं तर सुळसुळाट, किळस यावी इतकं झालं तर बुजबुजाट. भरमार तर दोन्हीकडे चालतो. एकेका शब्दात लिहिणाऱ्याला ती गोष्ट आवडलीय की नाही तेही कळतं, आणि ‘खूप’ तर आहेच की, त्यात लाज कसली.

संधी चांगल्या असतील तर ‘संधींची रेलचेल’ लिहा ना. आणि कोर्सेस इतके झालेत की पोरांना काय निवडावं तेच कळेना असं लेखकाला म्हणायचं असेल (लेख वाचून मला तर तेच वाटलं) तर प्लेथोरा खुशाल ठेवा, फक्त मग तिथे तो कौतुकाने छापू नका.

आपली,
एक नियमित वाचक