अमोनियाचं सॅम्पल बर्फात आणा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत ‘आता यकृत नको, जनुकच बदला!’ हा लेख आला. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या डॉ. रेबेका अहरेन्स-निकलस आणि त्यांचे सहकारी, भारतीय वंशाचे डॉ. किरण मुसुनुरू यांनी एका अमेरिकन बाळाचं चुकलेलं जनुक इंजेक्शनाने दुरुस्त केलं, त्या कामाबद्दलचा. विषय मराठीत आला याचा आनंदच आहे. पण दुपार व्हायच्या आत आमच्या मजल्यावरची दोन माणसं पेपर घेऊन माझ्या दारात उभी. एकाच्या मेहुण्याला दारूने सिरोसिस झालाय, त्याला ते इंजेक्शन कुठे मिळेल? दुसरीच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय, तिला जनुक बदलून मिळेल का? दोघांनाही ‘नाही’ म्हणताना माझा चहा गार झाला. म्हणून हे पत्र.

मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये ३१ वर्षं तंत्रज्ञ होते, आता निवृत्त आहे. लेखात ज्या अमोनियाचा ओझरता उल्लेखही नाही, तो मी रोज मोजत असे.

त्या अमेरिकन बाळाचं यकृत खराब झालेलं नव्हतं, हे लेखात कुठेच स्पष्ट होत नाही. सोनोग्राफीत पाहिलं असतं तर ते बहुधा चांगलंच दिसलं असतं. आपण दूध-डाळ-अंडी खातो, त्यातल्या प्रथिनांच्या विघटनातून शरीरात अमोनिया तयार होतो. तो विषारी, आणि सर्वांत आधी मेंदूला झोंबतो. यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. हे काम पाच-सहा पायऱ्यांत चालतं आणि पहिल्याच पायरीवर सीपीएस-१ नावाचं एन्झाइम लागतं. त्या बाळाच्या या जनुकाच्या दोन्ही प्रतींत एकेक अक्षर चुकलं होतं, त्यामुळे हे एन्झाइमच बनत नव्हतं. इमारत धडधाकट, फक्त मोरीच्या पाइपात बूच. सिरोसिसमध्ये मुळात इमारतच ढासळलेली असते, जागोजागी व्रण पडलेले असतात. तिथे एक अक्षर दुरुस्त करून काय होणार? फॅटी लिव्हरवाल्या वहिनींना मी संध्याकाळी ‘पाच उद्यान’ बागेपर्यंत चालत जायला सांगितलं. त्यांना ते इंजेक्शनापेक्षा अवघड वाटलं, ते सोडा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या बाळाला पहिला डोस दिला तेव्हा ते जेमतेम सहा-सात महिन्यांचं होतं. औषध फक्त त्याच्यासाठी, त्याच्या चुकलेल्या अक्षरांपैकी एकासाठी बनवलेलं. जनुकातलं एक अक्षर बदलणाऱ्या यंत्रणेचा आराखडा चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत गुंडाळून शिरेतून सोडला. करोनाच्या काही लशींना असंच वेष्टन होतं. रक्तातून फिरणाऱ्या अशा गोळ्या यकृत आपसूक उचलतं, म्हणून जनुकीय उपचार करणाऱ्यांचं यकृतावर इतकं प्रेम. रोग यकृताचा नसला तरी ते याच दारातून आत शिरतात. हिमोफिलिया-बी या रक्तस्रावाच्या आजारावर अमेरिकेत २०२२ साली मंजूर झालेलं औषधही यकृताच्याच पेशींना कामाला लावतं. त्याची किंमत ३५ लाख डॉलर! रुपयांतला आकडा मी मुद्दाम लिहीत नाही, सकाळी सकाळी वाचकांना घाम फुटायचा. त्या औषधात जनुक पोचवायला विषाणू वापरतात. एकदा दिला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, त्यामुळे दुसरा डोस सहसा देता येत नाही. चरबीच्या गोळ्यांना ही अडचण नाही. त्या बाळाला तीन डोस देता आले.

आणि ते बाळ ‘बरं झालं’ असं तिथले डॉक्टर म्हणत नाहीत. आधीपेक्षा जास्त प्रथिनं त्याला झेपतात, औषध कमी लागतं, ते घरी गेलं. तपासण्या मात्र आयुष्यभर कराव्या लागतील. आपल्या मथळ्यातलं उद्गारचिन्ह मला त्यासाठी खटकलं.

याच फिलाडेल्फियात १९९९ साली काय झालं होतं, तेही चार ओळींत यायला हवं होतं. युरियाच्या साखळीतल्या पुढच्याच पायरीचा दोष असलेला जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत सामील झाला होता. त्याचा आजार सौम्य होता, पथ्य आणि गोळ्यांवर त्याचं बरं चाललं होतं. आपल्याला फायदा होणार नाही, पण पुढच्या बाळांना होईल, म्हणून तो तयार झाला. १३ सप्टेंबरला यकृताच्या धमनीतून विषाणू सोडला आणि १७ ला तो मुलगा गेला. त्या वर्षी गणपती १३ सप्टेंबरलाच बसले होते, म्हणून तारीख माझ्या डोक्यात पक्की आहे. पुढे चौकशीत निघालं की डोस देण्याआधी त्याच्या रक्तातला अमोनिया ठरवलेल्या मर्यादेहून जास्त होता. आकडा समोर होता. तरी डोस दिला गेला. ही बातमी लॅबमध्ये आम्ही वाचली तेव्हा आमच्या सीनियर बाई एवढंच म्हणाल्या, “रिपोर्ट वाचायलाही कुणीतरी लागतं.”

त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी त्याच गावात हे यश मिळालं. मधल्या काळात विषाणूंऐवजी चरबीचं वेष्टन आलं, जनुक कापणाऱ्या कात्रीऐवजी एकच अक्षर बदलणारं खोडरबर आलं, हे खरंच. पण मला त्या बातमीतली वेगळीच गोष्ट मोठी वाटली. औषध बनवायला सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत ते बाळ जिवंत कसं राहिलं? जन्मानंतर काही दिवसांतच त्याचा अमोनिया कुणीतरी मोजला म्हणून. लगेच डायलिसिस झालं, प्रथिनं तोडली, अमोनिया उतरवणारी औषधं सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात ‘जंतुसंसर्ग असेल’ म्हणून नुसती अँटिबायोटिक चालू ठेवली असती, तर मुसुनुरूंच्या प्रयोगशाळेला दुरुस्त करायला बाळ उरलं नसतं.

आपल्याकडे नेमकं हेच होतं. ही बाळं जन्मताना गुटगुटीत असतात. दूध पोटात जाऊ लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पिणं कमी, सतत झोप, उलटी, श्वास भराभर. चेहरा जंतुसंसर्गासारखाच, आणि जंतुसंसर्ग कितीतरी जास्त बाळांना होतो, म्हणून डॉक्टरांनाही दोष देववत नाही.

एक रात्र सांगते. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. कल्याणच्याही पलीकडून एक तरुण बाप चार दिवसांच्या बाळाचं रक्त घेऊन आला. तिथल्या डॉक्टरांना शंका आली होती, हे कौतुकाचंच. पण तिथे अमोनियाची तपासणी होत नव्हती, म्हणून नळी बापाच्या हातात देऊन त्याला आमच्याकडे पाठवलं. कुर्ला-शीवच्या मध्ये गाडी दीड तास उभी. पावसाने कपडे चिंब, आणि जांभळ्या बुचाची ती नळी मुठीत. पांढरा कोट घातलेली प्रत्येक बाई लोकांना सिस्टरच वाटते. मूठ उघडून तो म्हणाला, “सिस्टर, फुटू दिली नाही हो. सगळा वेळ हातातच धरली.”

नळी त्याच्या तळहाताइतकी गरम होती.

अमोनियाचं रक्त बर्फात यावं लागतं. पंधरा-वीस मिनिटांत थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावं लागतं. उबेत राहिलं की नळीतल्या नळीत अमोनिया तयार होत राहतो आणि आकडा खोटा चढतो. रक्त घेणारा नुकताच सिगारेट ओढून आला असेल तरी फरक पडतो, इतकं ते नाजूक प्रकरण. मला ते सॅम्पल नाकारावं लागलं. नियमाप्रमाणे बरोबरच केलं. ‘पुन्हा आणा, बर्फात आणा’ असं कागदावर लिहून दिलं. दुसरं सॅम्पल आलंच नाही. बाळ सकाळी गेल्याचं नंतर फोनवर कळलं. त्याला नेमकं काय झालं होतं हे मला आजही ठाऊक नाही, आणि त्या आईबापांनाही नाही.

दोन वर्षांनी तोच माणूस पुन्हा आला. यातले बहुतेक आजार आईबाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच होतात आणि मग प्रत्येक बाळंतपणात चारात एक असा धोका असतो, हे त्याला कुणीतरी डॉक्टरांनी समजावलं होतं. या खेपेला त्याने बायकोला बाळंतपणासाठी आमच्या रुग्णालयाजवळच ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी तो थर्मास घेऊन आला. बर्फ बाजारातल्या कोळणीकडून घेतलेला, झाकण उघडताच मासळीचा वास. नळी मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली, थंडगार. अमोनिया ४२ आला. नॉर्मल. मी रिपोर्टवर सही घ्यायला धावतच गेले.

आपल्या लेखाने ‘भारतात हे कधी?’ असं विचारलं आहे. पवईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरियलमध्ये मिळून घडलेली, कर्करोगावरची कार-टी पेशींची उपचारपद्धती २०२३ साली मंजूर झाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते पवईतच तिचा शुभारंभ झाला. तिथे पेशी शरीराबाहेर काढून बदलतात, यकृताचं काम शरीराच्या आत चालतं, हा फरक आहे. तरी हात इथले आणि डोकी इथली. पैशाचं म्हणाल तर २०२१ च्या दुर्मीळ आजारांच्या धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि त्यासाठी नेमलेल्या केंद्रांत आपलं केईएम आहे. त्याच २०२१ साली मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी वर्गणी काढून १६ कोटींचं औषध मागवलं आणि केंद्राने त्यावरचा कर माफ केला, हे वाचकांना आठवत असेल. म्हणजे औषध असलं की आपण धावतो. औषधापर्यंत बाळ पोचवण्यात कमी पडतो.

टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन प्रत्येक नवजात बाळाची तपासणी व्हावी, हे मलाही पटतं. पण त्या थेंबात हा विशिष्ट दोष हमखास सापडत नाही, आणि पुष्कळदा रिपोर्ट येईपर्यंत उशीर झालेला असतो. त्यापेक्षा साधी गोष्ट मागते. नवजात बाळांना दाखल करून घेणाऱ्या मुंबई-ठाण्यातल्या प्रत्येक रुग्णालयात अमोनिया रात्रीही व्हावा. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे तो संध्याकाळी पाचनंतर होत नसे. कारण काय, तर तपासणीच्या बाटल्या महाग, उघडल्या की थोडेच दिवस टिकतात आणि रात्री एखादंच सॅम्पल येतं. बाटली वाया जाईल म्हणून मशीन बंद! जिथे होऊच शकत नाही तिथे निदान बर्फाचा डबा आणि जवळच्या लॅबचा नंबर भिंतीवर असावा. आणि ज्यांच्या घरी तीन दिवसांचं बाळ दूध सोडून नुसतं झोपतंय, त्यांनी डॉक्टरांना न घाबरता विचारावं, “अमोनिया पाठवलात का?” डॉक्टर रागावले तर रागावू देत.

आपल्या वार्ताहराला पुढचा लेख करायचा असेल तर एखाद्या रात्री कुठल्याही बालरुग्ण विभागाच्या लॅबबाहेर बसून बघावं. मी सोबत यायला तयार आहे, मला आता झोप कमीच लागते.

आणि हो, लेखासोबतच्या चित्रात यकृत पोटाच्या डाव्या बाजूला काढलं आहे. ते उजवीकडे असतं.

आपली,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ
दादर, मुंबई