दोन गाठी म्हणजे पसरला असं नाही

प्रिय दादा,

पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव, बाबा बाजूला असले तर शेवटचं गाळून टाक.

मी मजेत आहे. थंडीचं विचारता, तर थंडीपेक्षा या जर्मन लोकांचं खिडकीचं वेड भारी आहे. बाहेर बर्फ असो, दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच मिनिटं, मग बंद. अर्धवट उघडी ठेवलेली चालत नाही, भिंती गार पडतात अन् बुरशी धरते म्हणे, माझ्या भाड्याच्या करारात पण लिहून आहे! लुफ्टन म्हणतात याला. घरमालकीण स्वतः येऊन शिकवून गेली, खिडकी उघडायला! आपल्याकडं कवेलूच्या फटीतून फुकटात होते बाप्पा.

आता बाबांच्या रिपोर्टचं. काका म्हणे स्वादुपिंडात दोन गाठी म्हणजे कॅन्सर पसरला, अन् आई जेवली नाही. आई, एकाच स्वादुपिंडात दोन गाठी असणं वेगळं अन् लिव्हरमध्ये जाणं वेगळं. म्हणूनच तर डॉक्टर तोंडातून दुर्बीण टाकून आतून सोनोग्राफी करू म्हणून राहिले. स्वादुपिंड जठराच्या मागंच असते, तिथून गाठ जवळून दिसते, बारीक सुईनं तुकडा पण घेता येतो. दोन्ही कॅन्सरच्याच असतील असंही नाही. सुईनं पसरते हे आत्याचं ऐकून तपासणी टाळू नका. अन् काविळीच्या पाल्यासाठी आता कोणाकडं जायचं नाही, पित्ताची नळी गाठीनं दाबली आहे, ती आत बारीक नळी (स्टेंट) बसवून मोकळी होते.

स्वादुपिंडाच्या डोक्याकडं एकच गाठ असती तर व्हिपल ऑपरेशन, म्हणजे डोक्याकडचा भाग काढतात, शेपटीकडं असती तर तेवढा भाग अन् पानथरी (प्लीहा). दोन टोकांना दोन आहेत, म्हणून अख्खं काढावं लागू शकते. मग जन्मभर इन्सुलिन अन् दर जेवणासोबत पचनाच्या कॅप्सूल, पण माणूस राहतो त्याच्यावर, खरंच. आधी केमो देतील तर टाळाटाळ समजू नको. पानथरी काढणार असतील तर लसी दोन आठवडे आधी, हे विचारून घे. अन् जिथं अशी ऑपरेशनं नेहमी होतात तिथंच करायचं, मुंबईला टाटाला जावं लागलं तरी चालेल.

तिथं बसून अक्कल शिकवते असं वहिनी म्हणाली म्हणे. म्हणू दे. मागच्या पोळ्याला बाबांना साखर निघाली, वजन उतरून राहिलं होतं, तेव्हा मीच फोनवर म्हटलं होतं, गोड कमी करा. साठीत अशी अचानक साखर निघाली तर स्वादुपिंड पाहायचं असते, मला शिकवलेलं आहे हे.

पैसे टाकले, दोन-तीन दिवसांत येतील. कापूस घाईत खेडा खरेदीवाल्याला देऊ नको, वावर गहाण तर मुळीच नाही. मला इथं खर्चच काय, जास्तीच्या ड्युट्या पण भेटतात (हे बाबांना नको सांगू).

ऑपरेशनच्या आधी माझं लग्न उरकायचं म्हणता, तर दारव्ह्याच्या स्थळाचा फोटो पाठव, या वेळी नाही म्हणत नाही. अन् रविवारी कॉल कटला तेव्हा नेट गेलं नव्हतं. बाबांचे डोळे दिसले मला. सुट्टीचा अर्ज टाकला आहे, तिकीट पाहून राहिली.

तुझी छोटी