टॉवरची जागा रस्ता पाहून नको, वस्ती पाहून ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका गावानं मोबाइल टॉवरचं काम बंद पाडलं आणि दुसऱ्या गावातले लोक टॉवरसाठी उपोषणाला बसले, अशा दोन बातम्या आपल्या दैनिकात एकाच पानावर वाचल्या. दोन्ही गावं बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलीच. टॉवरच्या पायाभरणीपासून वीजजोडणीपर्यंतची कामं करून घेण्यात माझी नोकरी गेली, आता वाशी तालुक्यात शेती पाहतो. टॉवर हवा की नको यावर दोन्हीकडं भरपूर बोललं जातंय, पण तो नेमका कुठं उभा राहणार आणि ते ठरवतं कोण, हे विचारताना कुणी दिसलं नाही.

जागा ठरते ती अशी. शहरातल्या कार्यालयात नकाशावर एक ठिपका पडतो आणि त्याभोवती एक वर्तुळ आखलं जातं. त्या वर्तुळात कुठंतरी जागा मिळवायची असते. मग जागा बघणारा माणूस गावात येतो. त्याला बिनवादाचा सातबारा हवा असतो, सही करणारा मालक एकटा हवा असतो आणि ट्रक, क्रेन जाईल असा रस्ता हवा असतो. भाऊबंदकीत अडकलेलं वावर तो बघतही नाही, मग ते गावातल्या सगळ्यात उंच माळावर का असेना. परिणामी आमच्याकडं टॉवर उभे राहतात ते डांबरी सडकेला लागून. गाव मात्र ओढ्याच्या कडेला खोलगटात आणि वस्त्या टेकाडाच्या पलीकडं. मोबाइलच्या लहरी टेकाड भेदून जात नाहीत. सडकेवर फोरजीच्या सगळ्या दांड्या दिसतात आणि हाकेच्या अंतरावरच्या वस्तीवर फोन लावायला माणूस विहिरीच्या मलब्यावर चढतो.

टॉवर सुरू झाल्यावर तपासणी होते, तीही गाडीतून. लॅपटॉप आणि फोन घेऊन गाडी सडकेनं फिरते, सिग्नल मोजते आणि नकाशा हिरवागार निघतो. जिथं गाडी जात नाही तिथलं बहुधा मोजलंच जात नाही, आणि जे मोजलं नाही त्याची तक्रार कागदावर उरत नाही. सर्व्हेला येणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही. आमच्या पाणंद रस्त्यावर आषाढात गाडी घातली तर ती ओढून काढायला ट्रॅक्टर कोण देणार?

सडकेकडेच्या काळ्या रानाचा आणखी एक तोटा जमिनीखाली आहे. चाचणीचा खड्डा घेताना उन्हाळ्यात त्या मातीला पडलेल्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो. पहिले दोन-चार मोठे पाऊस झाले की तीच माती फुगून वर येते. अशा मातीवर चाळीस मीटरचा चार पायांचा टॉवर टेकवता येत नाही; काळी माती पूर्ण काढून पाया कठीण मुरमापर्यंत, नाहीतर खडकापर्यंत न्यावा लागतो. लोकांना वाटतं, टॉवरचं वजन पेलायला पाया लागतो. खरं तर आमची काळजी उलटी असते. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूचे पाय तो उपटायला बघतो, म्हणून पायाचं काँक्रीट आणि त्यावर भरलेली माती यांच्या वजनानं टॉवर धरून ठेवायचा असतो. भारतीय मानकाप्रमाणं आपल्या भागात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरतात. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवचा पट्टा भूकंपाच्या नकाशात वरच्या गटात गेला, तो हिशेब वेगळा. माळावर हाच मुरूम हाताशी असतो. तिथं पाया स्वस्तात होतो, खर्च वाढतो तो विजेचे खांब आणि कच्चा रस्ता यांचा. कंपनी तो खर्च वाचवते आणि त्याची किंमत वस्ती मोजते, असा हा साधा व्यवहार आहे.

आता विजेचं. टॉवरखालचं यंत्र ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालतं. लाइट असली की त्या चार्ज होतात आणि लाइट गेली की तासन्‌तास भार ओढतात. पण जोडणी कुठल्या फीडरवरून, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या कुठल्या वीजवाहिनीवरून घेतली यावर सगळं अवलंबून असतं. शेतीच्या फीडरवर थ्री फेज जेमतेम आठ तास, तीही कधी दिवसा तर कधी रात्री. त्यावर टॉवर टाकला तर बॅटरी पूर्ण चार्जच होत नाही आणि वर्ष-दोन वर्षांत खलास होते. मग जनरेटर. डिझेल टाकणारा वेळेवर आला तर ठीक, नाहीतर रेंज गेली. गावठाण फीडरवरून जोडणी घ्यायची तर खांब वाढतात, म्हणून ती टाळली जाते. गावात टॉवर येत असेल तर सरपंचांनी भाड्याची चौकशी मागाहून करावी. आधी फीडर कोणता आणि बॅटरी किती तासांची, हे विचारावं. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्यात पाणी शिरलं तेव्हा लोक छपरावर बसून होते. अशा रात्री लाइट नसतेच. फोन लागणार की नाही, हे त्या बॅटरीवर ठरतं. पडलेली वीज जमिनीत उतरवणाऱ्या अर्थिंगचंही तसंच. मे महिन्यात जमीन कोरडीठाक पडली की अर्थिंगची क्षमता घटते आणि नेमक्या त्याच दिवसांत अवकाळीच्या विजा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणं हे काम कुणाच्याच यादीत नसतं.

विरोध करणाऱ्या गावाचं म्हणणं रेडिएशनचं आहे. त्यांच्या भीतीची मी थट्टा करणार नाही. माहिती कुणी दिली नाही की भीतीच उरते. टॉवरवर साधारण तीन दिशांना अँटेना असतात, प्रत्येकीच्या वाट्याला १२० अंश. त्या किंचित खाली झुकवलेल्या असतात. टेकडीवर उभं राहून समोरच्या बांधावर टॉर्च मारली तर आपल्या पायाशी अंधारच राहतो, तसा अँटेनाचा मुख्य झोत दूरवर पडतो, टॉवरच्या बुडाशी नव्हे. आपल्या सरकारनं १ सप्टेंबर २०१२ पासून या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. तरी शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर ४,००० रुपये शुल्क भरून टॉवरची मोजणी मागवता येते. ग्रामपंचायतीनं हा खर्च एकदा करावा आणि निकाल चावडीवर लावावा. एक गोष्ट मात्र विरोधकांनी ध्यानात घ्यावी. टॉवर लांब ढकलला की गावातला प्रत्येक फोन जास्त ताकदीनं सिग्नल फेकतो, आणि तो फोन तर आपण कानाला लावलेला असतो.

उपोषणाला बसलेल्या गावाचं दुःख मला जास्त कळतं. ई-पीक पाहणीचा फोटो बांधावर उभं राहून काढायचा आणि तो चढवायला सडकेवर यायचं. रेशनच्या मशीनवर म्हातारीचा अंगठा घ्यायचा तर दुकानदार मशीन हातात धरून अंगणभर फिरतो. बँकेचा ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. सरकारनं एकेक काम फोनवर ढकललं, आणि फोन जिथं चालत नाही त्या वस्तीनं काय करायचं ते सांगितलं नाही. रेंज नसलेल्या २४,६८० गावांसाठी केंद्रानं जुलै २०२२ मध्ये फोरजीची योजना मंजूर केली. चांगली गोष्ट आहे. पण यादीत मोजलं जातं ते गाव. त्या गावाच्या शिवारातल्या वस्तीची वेगळी नोंद होत नाही. गावठाणात एक दांडी दिसली की अख्खं गाव ‘कव्हर’ झालं.

जाता जाता फसवणुकीबद्दल. तुमच्या रानात टॉवर बसवतो, लाखभर ॲडव्हान्स आणि दरमहा भाडं देतो, आधी नोंदणीचे किंवा ‘ट्रायच्या एनओसी’चे पैसे भरा, असे फोन आमच्या भागात येत असतात. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था अशी एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, देत नाही आणि टॉवरसाठी जमीनमालकाकडून कुणी आगाऊ पैसे मागत नाही. ट्राय आणि दूरसंचार विभागानं हे वारंवार जाहीर केलंय, तरी एकरभर मुरमाड रानाचं सोनं होईल या आशेनं लोक पैसे भरतात. ग्रामपंचायतीलाही सांगायचंय. मोबाइल टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली मान्य केलंय. कर हक्कानं वसूल करावा, पण कराच्या नाहीतर भाड्याच्या लोभानं टॉवर पुढाऱ्याच्याच वावरात ओढू नये.

खासगी जागेवरच्या टॉवरसाठी परवानगीचे नियम २०२२ पासून बरेच सैल झाले, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. त्यामुळं ग्रामपंचायत काम अडवण्याच्या भाषेत बोलली तर कागदावर तिचा फारसा टिकाव लागत नाही. जागा सुचवण्याच्या भाषेत बोलली तर कंपनीलाही ते हवंच असतं. गावानं आपल्या शिवाराचा नकाशा घ्यावा, कुठल्या वस्तीवर, शेतातल्या कुठल्या आखाड्यावर फोन लागत नाही त्याच्या खुणा कराव्यात, माळावरची गायरानाची किंवा बिनवादाची जागा त्यावर दाखवावी आणि तो कागद ग्रामसभेच्या ठरावासह कंपनीला व तहसीलला द्यावा. तपासणीची गाडी येईल त्या दिवशी तिच्यासोबत दुचाकीवर एक माणूस द्यावा, म्हणजे सर्व्हेवाल्याचा एक फोन तरी मागच्या सीटवर बसून टेकाडापलीकडं जाऊन येईल.

आपल्या दैनिकानं दोन्ही गावांच्या बातम्या दिल्याच आहेत. उपोषणाच्या गावात पुढची बैठक होईल तेव्हा जागेचा नकाशा आणि फीडरचं नाव विचारायला प्रतिनिधी पाठवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक
ता. वाशी, जि. धाराशिव