कलादालने सातच्या आत, जेवण आठनंतर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईला जाऊन चित्रे पाहावीत आणि रात्री एखाद्या चांगल्या उपाहारगृहात निवांत जेवावे, अशी इच्छा धरणाऱ्या बाहेरगावच्या माणसाला एक अडचण हमखास येते आणि ती पैशांपेक्षाही वेळेची असते. संबंधित संस्थांच्या कानावर ती जावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पतिपत्नी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने सांगलीहून मुंबईला गेलो आणि दोन दिवस केवळ दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा परिसरासाठी राखून ठेवले. १९५२ साली सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी, तिला लागूनच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि समोर रस्त्यापलीकडे, जुन्या कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून असलेले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, असा हा सगळा पायी फिरण्याजोगा टापू आहे. जहांगीरमध्ये तर प्रवेशशुल्कही नाही, हे आमच्याकडे अजून अनेकांना ठाऊक नसते. आमचा पहिला दिवस सोमवार निघाला आणि आधुनिक कला संग्रहालयाला सोमवारी सुट्टी असते. ही चूक अर्थात आमचीच.

तक्रार दुसऱ्या दिवसाची आहे. दिवसभर पाहून झाल्यावर संध्याकाळी एका दालनात आम्ही एका निसर्गचित्रासमोर थांबलो होतो. दुरून नुसता करडा वाटणारा त्यातला पाण्याचा पट्टा जवळून पाहिला तर त्यात हिरव्या आणि जांभळ्या रंगांचे बारीक फटकारे होते, सौ. चष्मा पुसून पुन्हा पाहू लागली, तेवढ्यात पहारेकऱ्याने अतिशय नम्रपणे, ‘साहेब, वेळ झाली,’ असे सांगितले. त्याचा काहीच दोष नाही. या परिसरातील बहुतेक दालने सहा ते सातच्या दरम्यान बंद होतात. आम्हाला मात्र जेवणासाठी टेबल मिळाले होते साडेआठचे, आणि मधला दीड-दोन तासांचा वेळ आम्ही वाहनांचा धूर घेत एका दुकानाच्या पायरीवर बसून काढला.

पूर्वी निदान बसायला जागा होती. जहांगीरच्या चिंचोळ्या पडवीतले ‘समोवार’ हे उपाहारगृह १९६४ पासून चालत होते. चित्रे पाहून थकलेली माणसे तिथे पुदिन्याचा चहा किंवा पेरूचा रस घेत, पराठा मागवत आणि शेजारच्या टेबलावर चित्रकारांचे वाद ऐकत. २०१५ च्या मार्चअखेरीस ते बंद झाले. त्यामागचा वाद उकरून काढण्याचा माझा हेतू नाही; परंतु चित्रे आणि जेवण यांना जोडणारा तो दुवा तुटला तो तुटलाच.

त्या रात्रीचे जेवण मात्र उत्तम झाले, हे नमूद केले पाहिजे. लोणी, लसूण आणि मिरपूड लावलेला खेकडा आला, त्याच्यासोबत डेंगे फोडायला अडकित्त्यासारखे एक अवजार आले, आणि ते कसे धरायचे याचा विचार करत मी बसलो असताना माहेर रत्नागिरीचे असलेल्या सौ.ने दोन डेंगे दातांनी फोडून मोकळे केले. बिल आमच्या दोघांच्या रेल्वेभाड्यापेक्षा पुष्कळ जास्त झाले. त्याचे दुःख नाही. दुःख एवढेच की, मनात ते पाण्याचे चित्र ताजे असताना जेवायला बसता आले असते, त्याऐवजी बसलो ते पायरीवर ताटकळून, वैतागून.

यावर उपाय फार अवघड नाही. पॅरिसचे लूव्र संग्रहालय आठवड्यातून दोन दिवस रात्री नऊपर्यंत खुले असते. इतक्या लांबही जायला नको. काही वर्षांपूर्वी कुलाबा-फोर्टमधील खासगी कलादालनांनीच महिन्यातल्या एका गुरुवारी उशिरापर्यंत दारे उघडी ठेवण्याचा उपक्रम केला होता, आणि १९९९ पासून जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास होणाऱ्या काळा घोडा महोत्सवात तर रात्रीही या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. सुरक्षारक्षकांची जादा पाळी, विजेचा खर्च या अडचणी खऱ्या आहेत, म्हणून रोजचा आग्रह मी धरत नाही. परंतु वरील तिन्ही संस्थांनी मिळून महिन्यातला एखादा शनिवार ठरवावा, त्या दिवशी रात्री नऊपर्यंत दालने खुली ठेवावीत, हवे तर संध्याकाळनंतरचे तिकीट थोडे जास्त लावावे आणि ही वेळ मराठी वृत्तपत्रांतून ठळकपणे जाहीर करावी. तसे झाले तर येत्या डिसेंबरची आमची तिकिटे आम्ही शनिवार धरूनच काढू.

आपला नम्र,
एक वाचक, सांगली