आप्पांच्या गाडीची किल्ली

देवरुख,
२ ऑगस्ट २०२५

प्रिय नीलू,

दिवाळीनंतर आज लिहितेय. मधे तुझे दोन फोन येऊन गेले, मी एकही उलट केला नाही. माझा गुडघा तसाच आहे, आप्पांची शुगर आटोक्यात आहे. तब्येतीचं एवढंच.

लिहायला बसले ती किल्लीमुळे. आप्पांच्या गाडीची किल्ली. एवढं वाचूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण शेवटपर्यंत वाच.

आप्पांना आता दिवसातून दोनदा तरी मी कोण ते आठवत नाही. पण गाडी लॉक झाल्याशिवाय दिवस संपत नाही, हे त्यांच्या पक्कं लक्षात आहे. दिवेलागणीला खळ्यात येऊन उभे राहतात, किल्ली पुढे धरून बटण दाबतात, गाडी टुक करते, इंडिकेटर एकदा लागून विझतात. मग 'झालं' म्हणतात आणि जेवायला येतात. एरवी दिवसभर किल्ली त्यांच्या मुठीतच असते. माजघरात बसून बटण दाबत राहतात. चिरेबंदी भिंतींतून गाडीपर्यंत काही पोचत नाही, म्हणून मीही कधी अडवलं नाही. हातात काहीतरी असलं की ते शांत असतात.

जुलैत पावसाने नुसता उच्छाद मांडला होता. गाडी सोळा दिवस हलली नाही आणि मी आप्पांना संध्याकाळी खळ्यात नेणंही सोडलं. चिखलात घसरतील ही भीती होती, आणि खरं सांगते, मी थकलेही होते. गेल्या रविवारी उघडीप मिळाली म्हणून नेलं. त्यांनी बटण दाबलं. गाडी गप्प. पुन्हा दाबलं, जवळ जाऊन काचेला टेकवून दाबलं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "ही आपली गाडी नाही."

मी किल्लीचं पातं बाहेर काढून दार उघडलं, तर सायरन सुरू! सोळा दिवसांपूर्वी रिमोटने लॉक केलेली गाडी पात्याने उघडली की तिला चोरच आल्यासारखं वाटतं. आप्पा कानांवर हात घेऊन पायरीवर बसले. इग्निशन फिरवल्यावर आवाज थांबला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरूही झाली. किल्लीच्या डोक्यात एक वेगळी चिप असते, ती ओळख पटली तरच इंजिन सुरू होतं, आणि तिला सेल लागत नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच समजलं की किल्ली अर्धी जिवंत आहे.

पात्याने लॉक केलं, पण दिवा लागला नाही, त्यामुळे आप्पांचा विश्वास बसेना. जेवले नाहीत. रात्री दोन वाजता भर पावसात गाडीचं दार ओढून बघत उभे होते. नीलू, त्या रात्री मी ठरवलं की ही किल्ली दुरुस्त झालीच पाहिजे.

सोमवारी घड्याळाच्या दुकानातून सेल आणला. त्याने २०२५ दिला. बसवला तर खुळखुळतो. जुन्यावर बघितलं तर सीआर २०३२. यातला २० म्हणजे मिलिमीटरमधला व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ तेवढाच रुंद, पण जाडीला अडीचच. परत जाऊन बरोबर सेल आणला. किल्लीवरचा लाल ठिपका छान पेटला, गाडी गप्पच. ठिपका पेटला म्हणजे सेलमध्ये जीव आहे एवढंच, सिग्नल बाहेर पडतोय असं नाही. मग आत सेलला टेकणाऱ्या पत्र्या पाहिल्या. आपल्याकडची दमट हवा, त्यावर पांढरट पापुद्रा चढलेला. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून पुसल्या. बटणाखालचा इवलासा स्विच नखाने दाबून बघितला, टक वाजला. गाडी गप्पच.

(जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मी तो लगेच घराबाहेर काढला. आप्पा हल्ली काहीही तोंडात घालतात, आणि हा सेल घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका जळते. शरयूचा मुलगा रांगायला लागलाय ना? तिला मुद्दाम सांग. रिमोट, वजनकाटा, खेळणी, सगळीकडे हे असतात.)

मंगळवारी स्टँडजवळच्या गाड्यांच्या वायरमनला बोलावलं. पोरगा हुशार. त्याच्याकडे किल्लीचा सिग्नल दाखवणारं एक छोटं यंत्र आहे. बटण दाबल्याबरोबर त्यावर ४३३ मेगाहर्ट्झ उमटलं. म्हणाला, "ताई, किल्ली बोलतेय. गाडीला ऐकू येतंय की नाही ते बघायला हवं. दुसरी किल्ली आणा, एका दाबात कळेल."

मी म्हटलं, "दुसरी माझ्या मैत्रिणीने हरवली."

आठ वर्षं हेच सांगत आले, तसंच त्यालाही सांगितलं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर ते म्हणाले नवीनच बनवावी लागेल, किल्लीच्या नंबराची पट्टी शोधून ठेवा. त्या पट्टीसाठी बुधवारी आप्पांचं लोखंडी कपाट उघडलं. विम्याच्या पावत्यांचा बिस्किटांचा डबा तुला आठवत असेल, ज्यात हात घातला म्हणून आपण दोघींनी ओरडा खाल्ला होता. त्याच्या तळाशी रुमालात गुंडाळलेली किल्ली होती. सोबत वहीचा चौकोनी कपटा, आप्पांचं तेच फळ्यावरचं अक्षर. 'गाडीची दुसरी किल्ली. नीलूने दिली. १४ मे २०१७.'

मी किती वेळ तशीच जमिनीवर बसून होते कोण जाणे.

तू किती वेळा सांगितलंस. शरयूच्या साड्यांसाठी कोल्हापूरला गेलीस, आंबा घाटात धुकं होतं म्हणून उशीर झाला, आलीस तेव्हा आप्पा झोपाळ्यावर होते, त्यांच्या हातात दिलीस. मी आप्पांना विचारलं, ते म्हणाले, "मला नाही दिली." आणि मी तुला म्हटलं, आप्पा खोटं बोलत नाहीत. ताटात आमरस वाढलेला होता, तू उठून गेलीस. पुढे आठ महिने आपण बोललो नाही. नंतर बोलायला लागलो तरी ती किल्ली आपल्यामध्ये पडलेलीच होती. तू आमच्या घरच्या कुठल्याच वस्तूला हात लावेनाशी झालीस, ते मला दिसत होतं.

आप्पा खोटं बोललेच नव्हते गं. ते विसरले होते. ज्या माणसाला वीस वर्षांपूर्वीच्या मुलांचे हजेरी क्रमांक पाठ होते, तो हातात घेऊन, लिहून ठेवून विसरला होता. डॉक्टरांनी नाव दिलं २०२२ मध्ये, आणि मी सगळ्यांना सांगते की आई गेल्यावर सुरू झालं. त्याच्या कितीतरी आधीच सुरू झालं होतं. माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी त्याचं खापर तुझ्यावर फोडलं. मला क्षमा कर. फोनवर हे बोलता आलं नसतं.

ती किल्ली घेऊन तशीच खळ्यात गेले. बटण दाबलं आणि गाडी टुक! आठ वर्षं डब्यात पडून. वायरमन म्हणाला, लिथियमचा सेल नुसता पडून राहिला तर वर्षाला जेमतेम एखादा टक्का उतरतो. म्हणजे गाडी ठणठणीत होती, बिनसलं होतं ते गाडीचं आणि आप्पांच्या किल्लीचं.

ते असं. किल्ली दर दाबाला नवा आकडा पाठवते, चोराने जुना सिग्नल पकडून वापरू नये म्हणून. गाडीही तोच हिशेब ठेवते. थोडे दाब वाया गेले तर ती सांभाळून घेते, पण किल्ली फारच पुढे गेली की तिला ओळखत नाही. आप्पा आपल्याला समोरासमोर बसवून आळीपाळीने पाढे म्हणायला लावायचे, आठवतं? तू सत्तावीसच्या पाढ्यात सुसाट सुटायचीस, मी चौकातच. मग ते काठी आपटून म्हणायचे, "थांब गं आगगाडी, हिला बरोबर घे!" माजघरात सोळा दिवस दाबून दाबून त्यांची किल्ली तशी पुढे निघून गेली होती. रोज संध्याकाळी गाडीसमोर एकदा दाबलं की हिशेब जुळत होता, आणि तेच मी बंद केलं होतं.

जुळवायला दोन मिनिटं लागली. किल्ली इग्निशनला लावून फिरवायची आणि बटण दाबायचं. प्रत्येक गाडीची रीत वेगळी, आमच्या गाडीच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर होती. कुणी उघडलंच नव्हतं. प्रत्येक किल्लीचा हिशेब गाडी वेगळा ठेवते, म्हणून आप्पांची त्यांच्याकडेच ठेवली आणि तू दिलेली मी पदराला बांधली. आता पाऊस असला तरी छत्री धरून त्यांना नेते. ते दाबतात. त्यांची चालली तर त्यांची, नाही तर पदराआडून माझी.

अनघाच्या प्रवेशाचं काय ठरलं? सुहासरावांची पाठ कशी आहे? नागपूरचं नवं घर दुसऱ्या मजल्यावर घेतलंत म्हणे, लिफ्ट आहे ना?

गणपतीला ये. संगमेश्वर रोडला उतर, मी न्यायला येईन. आणि परत जाताना गाडी तू चालव.

काल आप्पांना तो कपटा दाखवला. बराच वेळ अक्षर बघत होते. मग विचारलं, "नीलू जेवली का?"

तुझी,
माधवी

ता. क. तुझ्या किल्लीचा सेल बदलताना दुकानात जुना सेल घेऊनच जा. आणि कपटा मी पाकिटात घालत नाहीये, तो तू आलीस की तुझ्या हातात देईन.